हाक कोणाला? रेमो फर्नांडिसच्या गाण्यांचा एक शोध

गाण्याच्या नावातच कुणाला तरी हाक मारायची, ही रेमो फर्नांडिसची जुनी खोड. 'हॅलो राजीव गांधी' हे त्याच्या एका गाण्याचं नाव. टेलिफोनचा जनक ग्रॅहम बेल याला उद्देशून लिहिलेलं 'ओड टू ग्रॅहम बेल' हे दुसरं. १९८६ सालच्या कॅसेटचं नाव 'पॅक दॅट स्मॅक', म्हणजे सरळ आज्ञाच. पुढल्या वर्षीची 'बॉम्बे सिटी', आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. मग १९९८ साली देशभर वाजलेली 'ओ मेरी मुन्नी'. ही पाच नावं ओळीने वाचली तर रेमोच्या कारकिर्दीचा चढ-उतार त्यात सापडतो, असं माझं म्हणणं आहे. पहिल्या चार हाकांना कुणीतरी 'ओ' देईल अशी शक्यता होती. पाचवी हाक कुणाला मारली आहे, ते मात्र कॅसेटची दुसरी बाजू संपली तरी कळत नाही.

शिवोलीच्या या गायकाबद्दल डोंबिवलीत बसून का लिहायचं, असं कुणी विचारील. एक कारण साधं आहे. ऐंशीच्या दशकात या गाण्यांची कॅसेट आमच्या कॉलेजच्या टोळक्यात हातोहात फिरत असे. त्यातलं इंग्रजी निम्मं कळायचं, निम्मं अंदाजाने भरून काढायचं. पण टेलिफोनवरचं गाणं समजायला शब्दकोश लागला नाही. नाव नोंदवून वर्षानुवर्षं फोनची वाट पाहायची ही तेव्हा देशभरची रीत होती. आमच्या इमारतीत एकच फोन, आणि सगळ्यांच्या पत्रिकांवर त्याच नंबरापुढे 'पीपी' लिहिलेलं. गोव्यातला फोन लागत नाही म्हणून कुणीतरी थेट ग्रॅहम बेलकडे गाऱ्हाणं घालतो, ही कल्पना आम्हांला फारच जवळची वाटली. दुसरं कारण जरा खोलातलं आहे. ते लेखाच्या शेवटाकडे येईल.

शिवोलीची चार ट्रॅकची गिरणी

रेमोचा जन्म ८ मे १९५३ चा, बार्देश तालुक्यातल्या शिवोलीचा. गोवा मुक्त झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि जनमत कौल झाला, १६ जानेवारी १९६७ रोजी, तेव्हा तेरा वर्षांचा. म्हणजे पोर्तुगीज राजवटीत जन्म, भारतात शाळा, आणि ऐन वाढीच्या वयात 'आपण कोण' या प्रश्नावर भोवतालच्या सगळ्या मोठ्या माणसांचं कडाक्याचं भांडण. त्या भांडणात आपल्याकडची बहुतेक मराठी मंडळी विलीनीकरणाच्या बाजूने होती, हेही विसरता येत नाही. रेमोच्या गाण्यात 'गोंयकार' हा शब्द इतका अंगावर येतो तो त्यामुळेच. ज्याचं गाव नकाशात कुठे बसतं याचं मतदान झालेलं आहे, त्याला गावाचं नाव घेताना आवाज चढवावाच लागतो.

शाळेतच त्याने मित्रांबरोबर बँड काढला. मग मुंबईत सर जे. जे. कॉलेजमध्ये वास्तुशास्त्राचं शिक्षण, आणि त्याच काळात 'द सॅव्हेजेस' या मुंबईच्या नावाजलेल्या बँडमध्ये गाणं. त्या वेळच्या मुंबईतल्या रॉकचा एक विशेष ध्यानात घ्यायला हवा. १९७० च्या आसपास सिगारेटच्या एका ब्रँडने भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धांमुळे देशभरच्या बँडना व्यासपीठ मिळालं होतं, वादक तयारीचे होते, पण बहुतेकांची धाव परदेशी रेकॉर्डची हुबेहूब नक्कल करण्यापर्यंत. जो जास्त हुबेहूब तो मोठा. स्वतः गाणं लिहिणं ही हौस समजली जाई, आणि ती ऐकून घ्यायला श्रोते फारसे राजी नसत.

रेमोने वास्तुविशारदाचा व्यवसाय केला नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो युरोप आणि उत्तर आफ्रिकेत वाटेत मिळेल त्या वाहनाने भटकला आणि गोव्यात परतला. १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही कॅसेट आली. तिची हकीकत आज सांगताना दंतकथेसारखी वाटते, पण तिच्यामागचं तंत्र साधं होतं. चार ट्रॅकच्या छोट्या रेकॉर्डरवर आधी एक वाद्य घ्यायचं, ते ऐकत दुसरं वाजवायचं, जागा संपली की दोन-तीन ट्रॅक एकावर उतरवून उरलेले मोकळे करायचे. गिटार तोच, बासरी तोच, सगळे आवाज त्याचेच. ध्वनिमुद्रण शिवोलीच्या घरात. मुखपृष्ठही त्याचंच, आणि माल तयार झाला की दुचाकीवर टाकून दुकानोदुकानी पोचवणाराही तोच. पिठाच्या गिरणीत मालक, कामगार आणि हमाल एकच माणूस असावा तसा हा कारभार.

याचा अर्थ केवळ जिद्दीपुरता नाही. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने 'कॅसेट कल्चर' या १९९३ च्या ग्रंथात दाखवून दिलं आहे, की ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटने भारतातली एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक, जातीजमातींच्या, गावोगावच्या गाण्याला बाजार मिळवून दिला. आपल्याला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. ज्यांचं नाव कल्याणशी जोडलं गेलं त्या शिंदे घराण्याचं गाणं, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं, मग आनंद आणि मिलिंद शिंदे यांची लोकगीतं, घराघरांत आणि रिक्षा-रिक्षांत पोचलं ते याच कॅसेटच्या फितीवरून. इंग्रजीत गाणारा शिवोलीचा रेमो आणि मराठीत गाणारे शिंदे यांना कुणी एका पंक्तीत बसवत नाही. पण दोघेही एकाच दाराने आत आले. ज्यांना मोठ्या स्टुडिओच्या परवानगीची वाट पाहायची नव्हती, त्यांचं ते दार होतं.

कांतारांचा वारसा

रेमोबद्दल लिहिणारे बहुधा त्याची तुलना बॉब डिलनशी किंवा बीटल्सशी करतात. ती चूक नाही, पण अपुरी आहे. गाण्यातून मंत्र्याची फिरकी घेणं, रस्त्यातल्या खड्ड्यावर कडवं रचणं, गावातल्या माणसाला नाव घेऊन बोलणं हे गोव्याला पाश्चात्त्य रॉकने शिकवलेलं नाही. ते तियात्राने शिकवलेलं आहे.

तियात्र हा कोकणी रंगभूमीचा प्रकार, आणि त्याचा जन्म गोव्यात नव्हे तर मुंबईत झाला. १७ एप्रिल १८९२ रोजी लुकाझिन रिबेरो यांचं 'इटालियन भुरगो' मुंबईत सादर झालं, तो पहिला तियात्र मानतात. धोबीतलाव परिसरातल्या 'कुडां'त, म्हणजे गावागावांच्या नावाने चालणाऱ्या खोल्यांत, राहणारे आचारी, खलाशी, वाजंत्री हे त्याचे प्रेक्षक. आपल्या गिरणगावातल्या गाळ्यांत राहणाऱ्या चाकरमान्यांची ही गोंयकार भावंडं. तियात्रात प्रवेशांच्या मध्ये गाणी होतात. त्यांना कांतारं म्हणतात. कथेशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. चालू घडामोडीवर, पुढाऱ्यांवर, महागाईवर, सासू-सुनेवर ती असतात, आणि प्रेक्षकांना कडवं आवडलं तर गायकाला परत बोलावलं जातं.

आपल्या ओळखीच्या शब्दांत सांगायचं तर कांतार हे भारुडाचं आणि पोवाड्याचं शेजारी. एकनाथांच्या भारुडात बोलणारा कुणातरी समोरच्याशी बोलत असतो. अण्णाभाऊ साठे, अमरशेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगारांच्या सभांत हीच पद्धत राजकारणाला लावली. या परंपरेत गाणं हे मनाचा उद्गार नसतं, समोरच्याला केलेला सवाल असतो. समोर माणूस हवाच. तो गाण्यात असतो आणि बऱ्याचदा पहिल्या रांगेतही बसलेला असतो.

रेमोचं श्रेय हे, की त्याने कांताराचा सवाल इलेक्ट्रिक गिटारवर चढवला आणि इंग्रजीत आणला. इंग्रजीमुळे त्याचा श्रोता बदलला. कोकणी तियात्राच्या तंबूत न जाणारा पणजी-मुंबईचा शिकलेला तरुण त्याला मिळाला. त्याच इंग्रजीमुळे कुडातला आचारी सुटला, हेही मान्य करायला हवं. रेमो कोकणी आणि पोर्तुगीज गाणीही गायला. १९८५ च्या 'ओल्ड गोवन गोल्ड'मध्ये त्याने गोव्याची जुनी गाणी नव्याने मांडली. पण ज्या गाण्यांत त्याचा स्वतःचा सवाल आहे, त्यांतली बरीचशी इंग्रजीतच राहिली. हा त्याच्या कामातला जुना ताण आहे आणि तो कधीच पूर्ण सुटला नाही.

पंतप्रधानांचं पत्र

राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यातल्या एका कार्यक्रमात त्यांच्यासमोर रेमोला गायला बोलावलं होतं. त्याने 'हॅलो राजीव गांधी' गायलं. स्वागतगीताची अपेक्षा असलेल्या मंचावर गोव्याची गाऱ्हाणी थेट पाहुण्यापुढे मांडली गेली. आयोजक अस्वस्थ झाले, स्थानिक वर्तमानपत्रातून टीका झाली, माफीची मागणी झाली. रेमोने टीकेची कात्रणं आणि गाण्याचे शब्द पाकिटात घालून पंतप्रधानांनाच पाठवून दिले. उत्तर आलं. गाणी आपल्याला आवडली, असं राजीव गांधींनी कळवलं, आणि ओरड थांबली.

ही गोष्ट नेहमी रेमोच्या धाडसाची म्हणून सांगितली जाते. धाडस होतंच. पण समीक्षकाने तिथे थांबू नये. हाकेला 'ओ' येणं हे हाक मारणाऱ्याच्या गळ्यावर जितकं अवलंबून असतं, तितकंच त्याच्या पत्त्यावरही. इंग्रजी बोलणारा, जे. जे.मध्ये शिकलेला, सुसंस्कृत गोंयकार तरुण आणि त्याच पिढीचा, त्याच तऱ्हेचं संगीत कानावर पडलेला पंतप्रधान. दोघांत एक अदृश्य ओळख आधीच होती. सवालाचं रूपांतर खेळकर पत्रव्यवहारात होऊ शकलं ते त्यामुळे.

याच्या शेजारी एक दुसरा गायक ठेवतो. ठाण्याच्या अगदी वेशीवर, मुलुंडच्या झोपडपट्टीत शाहीर विलास घोगरे राहत. आनंद पटवर्धन यांच्या 'बॉम्बे अवर सिटी' या १९८५ च्या माहितीपटात त्यांचं गाणं आहे. विषय मुंबईच, बुलडोझरखाली जाणारी, झोपडीवाल्यांची. दोन वर्षांनी रेमोची 'बॉम्बे सिटी' आली. एकाच शहरावरची ही दोन गाणी एकामागोमाग ऐकावीत. दोघांच्याही गाण्यात शहर आहे, दोघेही स्वतःचे शब्द स्वतः गातात. पण घोगरे यांच्या हाकेला पत्र आलं नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जण मारले गेले. त्यानंतर चारच दिवसांनी घोगरे यांनी आपल्या राहत्या झोपडीत जीवनाचा अंत केला. पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'ची सुरुवात या मृत्यूपासून होते.

रेमोला कमी लेखण्यासाठी ही तुलना केलेली नाही. कुणाला किती सोसावं लागलं यावरून गाण्याचा दर्जा ठरत नाही. पण 'वादळी कारकीर्द' हे विशेषण आपण रॉक गायकांना फार सहज लावतो. वादळ कुणाच्या छपरावरून जातं आणि कुणाचं छप्पर नेतं, एवढं तरी लिहिणाऱ्याने पाहून ठेवावं. रेमोला याची जाण होती असं त्याच्या पुढच्या कामावरून वाटतं. पंतप्रधानांचं पत्र मिळाल्यावर दरबारी गवई होणं सोपं होतं. तो तसा झाला नाही. १९९२ साली त्याने काढलेल्या संग्रहाचं नावच 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल' असं आहे.

गर्दचं वर्ष

'पॅक दॅट स्मॅक' १९८६ ची. 'स्मॅक' म्हणजे आपल्याकडे ज्याला गर्द म्हणत ते. मराठी वाचकाला हे साल लगेच आठवेल. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हेलावले, आणि त्यांच्या मदतीने अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेही १९८६ सालीच. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ब्राउन शुगरने मुंबई आणि लोकलच्या दोन्ही मार्गांवरची उपनगरं पोखरायला घेतली होती. स्टेशनच्या पुलाखाली चांदीच्या कागदावर पूड तापवत बसलेली पोरं आमच्या पिढीने पाहिली आहेत. त्यांतली काही आमच्याच शाळेतली होती.

अवचटांचं गद्य आणि रेमोचं गाणं एकाच आगीकडे दोन बाजूंनी धावतात. अवचट ऐकतात. मुलाला बोलू देतात, आईला रडू देतात, आणि वाचकाला त्या खोलीत नेऊन बसवतात. रेमो ऐकवतो. त्याचा श्रोता नशेच्या कडेवर उभा असलेला तरुण, आणि त्याला तो नाचायला लावणाऱ्या ठेक्यावर सांगतो की हे गुंडाळ. यातली खरी जोखीम कोणती, ते समजून घ्यायला हवं. रॉकच्या जगात नशा म्हणजे बंडखोरीचं मानचिन्ह होतं. शिवोलीपासून हणजूणचा किनारा हाकेच्या अंतरावर. परदेशी हिप्पींनी त्याला जगभर जी कीर्ती मिळवून दिली होती तिच्यात गांजा-चरसाचा वाटा मोठा होता. अशा ठिकाणी, अशाच श्रोत्यांपुढे, रॉक गायकाने नशेविरुद्ध उभं राहणं म्हणजे किराणा दुकानदाराने स्वतःच्याच गिऱ्हाइकांना उधारी बंद करण्यासारखं. शिवाय उपदेशाचं गाणं पडतं. ते पडलं नाही, कारण उपदेशाच्या आधी ठेका पोचत होता. ही कॅसेट सीबीएस या मोठ्या कंपनीने काढली आणि ती भरपूर खपली. त्याच वर्षी पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गीतमहोत्सवात रेमोने बक्षिसं मिळवली. १९८७ साली अमली पदार्थांच्या तस्करीवरच्या 'जलवा' या हिंदी चित्रपटाचं शीर्षकगीत त्याने गायलं. घराघरांत त्याचा आवाज त्या गाण्याने पोचला.

आवाज पोचला. हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे.

मुन्नी कोण?

हिंदी चित्रपटात गाण्याचे तीन मालक असतात. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा. आणि प्रत्यक्षात मालकी चौथ्याची, निर्मात्याची किंवा कंपनीची. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्ती कायद्याने गीतकार आणि संगीतकारांना स्वामित्वधनातला वाटा लिहून देता येणार नाही अशी तरतूद केली. त्याआधी तो बहुधा करारावर सही करतानाच सुटत असे. जो माणूस स्वतः लिहितो, स्वतः चाल बांधतो आणि स्वतः गातो, त्याचा या कारखान्यात शिरताना पहिला तोटा होतो तो पैशाचा नव्हे. त्याचे तिघांपैकी दोघे दारातच थांबवले जातात. आत जातो तो फक्त गळा.

१९९५ चा 'बॉम्बे' आठवा. ए. आर. रहमानच्या संगीतात, हिंदी आवृत्तीतलं 'हम्मा हम्मा' रेमो गायला आणि ते देशभर गाजलं. १९९२-९३ च्या दंगलींवरचा हा चित्रपट, आणि नाव त्याच शहराचं, ज्याला रेमोने आठच वर्षांपूर्वी उद्गारचिन्हासह हाक मारली होती. पण इथे त्याच्या वाट्याला आलं ते नवविवाहित जोडप्याच्या रात्रीचं मादक नृत्यगीत. गाणं उत्तम आहे. रेमोच्या आवाजातला तो खरखरीत खट्याळपणा दुसऱ्या कुणात नव्हता. फक्त, जळणाऱ्या शहराबद्दल या माणसाला काय म्हणायचं होतं ते विचारायची त्या व्यवस्थेत सोय नव्हती. त्यानंतर 'खामोशी' आलं, 'प्यार तो होना ही था'चं शीर्षकगीत आलं. प्रत्येकात तोच आवाज, ओळखू येणारा, पण बोलणारा दुसराच कुणी.

मग 'ओ मेरी मुन्नी'. हे चित्रपटाचं गाणं नव्हे, रेमोच्याच नावावरचा हिंदी पॉप संग्रह. इथे कुणी त्याला दारात अडवलं नव्हतं. म्हणूनच त्याची चिकित्सा जास्त काटेकोर व्हायला हवी. चाल जिभेवर बसणारी, मांडणी सफाईदार, लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत सगळीकडे चालणारी. पण मुन्नी कोण? ती शिवोलीची नाही, पणजीची नाही, मुंबईची नाही. तिला गाव नाही, आडनाव नाही, तक्रार नाही. ग्रॅहम बेल मेलेला होता तरी त्याच्याशी भांडता येत होतं, कारण भांडणाचा विषय, तो न लागणारा फोन, दिवाणखान्यात बसलेला होता. मुन्नीशी भांडता येत नाही. तिच्यावर फक्त नाचता येतं.

पोट भरणं हा गुन्हा नाही, आणि कुणी गायकाने जन्मभर आपल्या गावच्या खड्ड्यांवरच गावं अशी सक्ती करणारे आपण कोण? हा आक्षेप रास्त आहे. माझं म्हणणं रेमो विकला गेला असं नाही. तो शब्द आळशी समीक्षेचा आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्या गाण्याचं बळ ज्या गोष्टीत होतं ती मोठ्या बाजारात सोबत नेता येण्याजोगी नव्हती. लहान जागेचा, ओळखीच्या माणसांचा, 'हे आपल्यालाच म्हणतोय' असं कळण्याचा तो संबंध होता. देशभर पसरलेल्या अनोळखी श्रोत्याला हाक मारायची तर नाव असं घ्यावं लागतं की जे कुणाचंच नसतं. हे ओझं रेमोचं एकट्याचं नाही. गावात वाढून शहरात गाजलेल्या आपल्या कित्येक लोककलावंतांच्या बाबतीत हेच झालेलं दिसेल.

२००७ साली रेमोला पद्मश्री मिळाली. पुढे त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आणि पोर्तुगालमध्ये राहू लागला. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगालचा कायदा तो हक्क देतो आणि हजारो गोंयकारांनी तो वापरला आहे. तरी रेमोच्या बाबतीत टीका झाली, आणि तीही एका अर्थी त्याच्या गाण्याला मिळालेली दाद होती. ज्याने इतकी वर्षं 'आपण गोंयकार' म्हणून साद घातली, तो उठून गेला तर लोकांना रिकामं वाटणारच. २०२१ साली त्याचं इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झालं.

फडके रोडवर कुणाला हाक मारावी?

आता ते दुसरं कारण. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर आणि ठाण्याच्या राम मारुती रोडवर, मासुंदा तलावाच्या काठी, नवे कपडे घातलेली हजारो तरुण मुलं-मुली जमतात. गाणी वाजतात. कधी नाट्यगृहातली पहाट मैफल असते, कधी रस्त्यावर पुढाऱ्यांच्या फलकांखाली कर्णे लावलेले असतात. एका पहाटेत इतकी तरुणाई एका रस्त्यावर जमणारं दुसरं निमित्त आपल्याकडे नाही. या गर्दीला तिच्याच गावाबद्दल काही सांगणारं एखादं तरी गाणं तिथे वाजतं का, याचा गेली काही वर्षं मी कानोसा घेतो आहे. मुंबईवर गाणी आहेत, पुण्यावर आहेत. सकाळच्या फास्ट लोकलच्या दारात लटकणाऱ्यांवर, कल्याणच्या पत्रीपुलावर, घोडबंदर रोडच्या कोंडीवर, टँकरच्या पाण्यावर टिच्चून बसलेल्या टॉवरवर, नाव घेऊन आणि समोरच्याला विचारून रचलेलं गाणं त्या रस्त्यावर माझ्या कानावर आलेलं नाही.

गाणाऱ्यांची वाण आहे असं नाही. कॉलेजांत बँड आहेत, रॅप करणारी पोरं आहेत, आणि साधनं तर रेमोच्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डरपेक्षा कितीतरी पटींनी हाताशी आहेत. रेमोला दुचाकीवरून दुकानात जावं लागलं, यांना खोलीबाहेरही पडावं लागत नाही. तरी ऐकायला बसलं की बहुतेक गाण्यांत मुन्नीच भेटते. पहिल्याच गाण्यापासून देशभराच्या श्रोत्याला हाक मारायची घाई असते. देशभराचा श्रोता मिळवायला रेमोला चौदा वर्षं लागली, आणि त्या चौदा वर्षांतलं जे काम आज टिकून आहे ते शिवोलीच्या चार मैलांतलं आहे, हे या मुलांना कुणी तरी सांगायला हवं.

म्हणून रेमो ऐकायचा असेल तर 'ओ मेरी मुन्नी'पासून सुरुवात करू नये. ती ऐकलेली असतेच. 'गोवन क्रेझी' मिळवावी, तीही जुन्या कॅसेटवरून उतरवलेली मिळाली तर उत्तम. मागचा सरसराट तसाच ठेवावा. घरात एकट्याने बसून चार ट्रॅकवर रचलेल्या त्या आवाजांच्या गर्दीत एक गोष्ट स्पष्ट ऐकू येते. गाणारा माणूस खिडकीकडे तोंड करून बसला आहे, आणि खिडकीबाहेरून कोण जातंय ते त्याला ठाऊक आहे.